शेअर गुंतवणूक शिकवणारे अ‍ॅप कसे असावे? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

नवशिक्यांना मराठीतून शेअर गुंतवणूक शिकवणाऱ्या मोबाईल अ‍ॅपची आखणी कशी करावी, याविषयी गोव्यातील वाचकांची बरीच पत्रे या सदराकडे आली. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे गाळून केवळ गाव दिले आहे. उत्तरे लिहिणारा शैक्षणिक अ‍ॅपची आखणी करतो, तो गुंतवणूक सल्लागार नाही. त्यामुळे ‘कोणता शेअर घ्यावा’ असे विचारणारी पत्रे बाजूला ठेवावी लागली.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र फर्मागुढीला शिकलो आणि आता वेर्णा व पर्वरी येथे नोकरी करतो. सुटीच्या दिवशी आम्ही मराठी माणसासाठी शेअर गुंतवणूक शिकवणारे अ‍ॅप तयार करत आहोत. शेअर म्हणजे काय, बाजाराचा इतिहास, निर्देशांक, आलेख आणि शेवटी खरेदी-विक्रीची ऑर्डर असा धड्यांचा क्रम लावला आहे. ओळखीच्या लोकांना ते वापरायला दिले तेव्हा बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या धड्यावरच थांबले. पहिल्या स्क्रीनवर नेमके काय असावे? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : आपला क्रम पाठ्यपुस्तकाला शोभणारा आहे, परंतु अ‍ॅप उघडणारा माणूस परीक्षेला बसलेला नसतो. तो स्वतःची काहीतरी अडचण घेऊन आलेला असतो, आणि ती अडचण पहिल्या दोन मिनिटांत ओळखली गेली नाही तर तो निघून जातो. गोव्यापुरते पाहिले तरी ‘नवशिका’ या एका शब्दाखाली निरनिराळी माणसे येतात. कोणाच्या घरी वडिलांच्या पेटीत जुनी कागदी शेअर प्रमाणपत्रे सापडलेली असतात. कोणी तारवटी असतो, वर्षातील बराच काळ बोटीवर काढतो आणि अनिवासी ठरल्यास कोणत्या प्रकारच्या बँक खात्यातून गुंतवणूक करावी हे त्याला ठाऊक नसते. कोणाला पहिला पगार मिळालेला असतो, तर कोणी निवृत्तीच्या रकमेवर मुदत ठेवीपेक्षा अधिक मिळेल का, याच्या शोधात असतो. या चौघांना ‘मुंबई शेअर बाजाराची स्थापना १८७५ साली झाली’ हे पहिल्याच दिवशी सांगून काहीही साधत नाही.

म्हणून पहिल्या स्क्रीनवर एकच प्रश्न असावा : ‘आपण इथे कशासाठी आलात?’ खाली चार-पाच उत्तरे असावीत आणि प्रत्येक उत्तरामागे धड्यांची वेगळी वाट असावी. कागदी प्रमाणपत्रवाल्याला सर्वप्रथम हे कळायला हवे की १ एप्रिल २०१९ पासून कागदी स्वरूपातील शेअर दुसऱ्याच्या नावावर विकून हस्तांतरित करता येत नाहीत. वारसाहक्काने नाव बदलणे शक्य आहे, परंतु पुढे विकण्यासाठी ते डीमॅटमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खात्यात, आणावे लागतात. सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नसेल तर असे शेअर गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे वर्ग झालेले असू शकतात आणि तेथून ते परत मागता येतात. एवढे समजले की तो माणूस पुढचे धडे आपणहून उघडतो, कारण आता त्याला डीमॅट म्हणजे काय हे जाणून घेण्याची गरज पडलेली असते.

दुसऱ्या स्क्रीनवर थोडे अप्रिय प्रश्न विचारावेत. काही महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवलेला आहे का? चढ्या व्याजाचे कर्ज अंगावर आहे का? हे पैसे येत्या तीन वर्षांत लग्न, घर वा शिक्षणासाठी लागणार आहेत का? उत्तरे प्रतिकूल असतील तर अ‍ॅपने स्पष्टपणे म्हणावे की धडे जरूर वाचा, पण सध्या शेअर घेऊ नका. विकणाऱ्या अ‍ॅपला हे वाक्य कधीच परवडत नाही, शिकवणाऱ्या अ‍ॅपला ते लिहिता आले पाहिजे, आणि आपण कोणते अ‍ॅप बनवत आहात हे ठरवण्याची जागा हीच आहे.

त्यानंतरचा पहिला खरा धडा खर्चाचा असावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. समजा, शिकणाऱ्याने शंभर रुपये भावाचे दहा शेअर घेतले आणि एकशे दहा रुपयांना विकले. ‘किती फायदा झाला?’ असे विचारून उत्तर त्यालाच टाइप करू द्यावे. तो शंभर लिहील. मग स्क्रीनवर एकेक ओळ उतरू द्यावी. खरेदी आणि विक्री या दोन्हींवर ०.१ टक्का दराने एसटीटी (शेअर व्यवहारावरील कर), म्हणजे दोन रुपये. खरेदीवर ०.०१५ टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे पंधरा पैसे. शेअर विकताना डीमॅट खात्यातून ते बाहेर जाण्याचे डीपी शुल्क ब्रोकरनुसार बदलते. ते पंधरा रुपये धरले तर १८ टक्के जीएसटीसह १७ रुपये ७० पैसे. ब्रोकरेज, म्हणजे ब्रोकरची दलाली, प्रत्येक ऑर्डरमागे वीस रुपये असेल तर दोन ऑर्डरींचे जीएसटीसह ४७ रुपये २० पैसे. शेअर बाजाराचे काही पैशांचे किरकोळ शुल्क सोडले तरी शंभरांतील सुमारे ३३ रुपयेच हाती उरतात. डिलिव्हरीवर, म्हणजे शेअर खात्यात ठेवण्यासाठी केलेल्या व्यवहारावर, ब्रोकरेज न घेणारा ब्रोकर असेल तर ८० रुपये उरतात. शिवाय शेअर वर्षाच्या आत विकले असल्यामुळे कर लागू होत असल्यास २३ जुलै २०२४ पासून अल्पकालीन भांडवली लाभावर २० टक्के दर आहे, हेही तिथेच सांगावे. रकमेचे आकडे शिकणाऱ्याला बदलता आले पाहिजेत. दहा शेअरऐवजी शंभर शेअर केले की स्थिर शुल्कांचा वाटा कसा घटतो, आणि तेच शेअर महिन्यातून चार वेळा घेतले-विकले की तो कसा फुगतो, हे त्याने स्वतःच्या बोटाने करून पाहिले म्हणजे पुढे लांबलचक उपदेश करावा लागत नाही.

जोखमीच्या धड्यासाठी उदाहरण दूर शोधण्याची गरज नाही. २०१२ साली गोव्यातील खाणी थांबल्या. पुढे काही काळ त्या सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चच्या मध्यापासून पुन्हा बंद पडल्या. डिचोली, सत्तरी, सांगे भागांतील ज्या कुटुंबांचा ट्रक खाणीवर होता आणि ज्यांच्या पेटीत शेअरही खाण कंपनीचेच होते, त्यांचे उत्पन्न आणि बचत यांना एकाच वेळी धक्का बसण्याची शक्यता होती. गुंतवणूक विभागून ठेवावी, हा नियम पाठ करवण्याऐवजी शिकणाऱ्याला ‘आपल्या घरात पैसा कोठून येतो?’ असे विचारावे आणि त्याच व्यवसायातील शेअर त्याने निवडले तर त्याला तेथे थांबवावे. विभागणीचा विचार डीमॅट खात्यापुरता करून भागत नाही, घराच्या उत्पन्नापासून तो सुरू होतो, हे बऱ्याच इंग्रजी अ‍ॅपमध्येही नीट सांगितलेले मला आढळले नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. माझा पुतण्या असेच अ‍ॅप तयार करत आहे. नवशिक्याला एक लाख रुपयांची काल्पनिक रक्कम द्यावी, चालू बाजारभावाने खरेदी-विक्रीचा सराव करू द्यावा आणि महिनाअखेर पहिल्या तिघांना बक्षीस द्यावे, असा त्याचा बेत आहे. पोहायला शिकायचे तर पाण्यात उतरावेच लागते, हे मलाही पटते. मग यात काही गैर आहे का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : गैर आहे, आणि दोन बाजूंनी आहे. पुतण्याला ही बाब लवकरात लवकर सांगावी, कारण बहुतेक तरुणांना हीच कल्पना सर्वांत आधी सुचते.

पहिली बाजू नियमांची. सेबी या शेअर बाजारांच्या नियामक संस्थेने २४ मे २०२४ च्या परिपत्रकाद्वारे शेअर बाजारांना आणि मध्यस्थांना चालू क्षणाचे भाव अशा आभासी व्यवहारांसाठी किंवा खेळांसाठी तिसऱ्या पक्षाला देण्यास मनाई केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने शेअर बाजारात सूचीबद्ध कंपन्यांच्या भावांवर चालणाऱ्या आभासी व्यवहारांच्या आणि काल्पनिक खेळांच्या अनधिकृत व्यासपीठांपासून दूर राहण्याचा जाहीर इशारा दिला. पुढे २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात असे स्पष्ट केले की केवळ शिक्षणाचे काम करणाऱ्याने लगतच्या तीन महिन्यांतील बाजारभाव वापरून, एखाद्या शेअरचे नाव घेऊन वा दाखवून, त्याच्या भावी किमतीचा संकेत, सल्ला किंवा शिफारस करू नये. असे कालावधी सेबी वेळोवेळी बदलत असते. त्यामुळे भाव किती जुने दाखवायचे हा आकडा प्रोग्राममध्ये कायमचा कोरून ठेवू नये, सर्व्हरवरून बदलता येईल असा ठेवावा आणि अ‍ॅप प्रसिद्ध करण्यापूर्वी सेबीच्या संकेतस्थळावरील ताजे परिपत्रक एखाद्या कंपनी सचिवाकडून तपासून घ्यावे.

दुसरी बाजू शिक्षणाची, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. महिन्याभराच्या स्पर्धेत पहिला कोण येतो? जो सगळी रक्कम एकाच उसळत्या शेअरवर लावतो तो, किंवा शेवटचा तरी तोच येतो. काल्पनिक पैशांत शेवटून पहिला आल्याचे कोणालाच दुःख नसते. सावधपणे चार ठिकाणी पैसे विभागणारा अशा यादीत मध्येच कुठेतरी लटकतो आणि आपले काहीतरी चुकले असे समजतो. म्हणजे आपण जे शिकवू पाहतो त्याच्या नेमके उलट शिकवून बसतो.

पाण्यात उतरवायचेच असेल तर जुन्या पाण्यात उतरवावे. ८ जानेवारी २००८ रोजी सेन्सेक्स हा मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक २०,८७३ वर बंद झाला होता आणि ९ मार्च २००९ रोजी तो ८,१६० वर आला. निर्देशांकात ठेवलेले एक लाख रुपये, खर्च धरला नाही तरी, चौदा महिन्यांत सुमारे ३९ हजार झाले. अ‍ॅपमध्ये वर्ष लपवून हा काळ महिन्या-महिन्याने पुढे सरकवावा. प्रत्येक महिन्याला तीनच पर्याय द्यावेत : विका, थांबा, आणखी घ्या. पुढचा महिना पाहण्याआधी ‘का?’ या चौकटीत एक वाक्य लिहिणे सक्तीचे करावे. मालिका संपली की त्याचीच वाक्ये त्याला क्रमाने वाचून दाखवावीत. सहाव्या महिन्यात ‘आता याहून खाली काय जाणार’ असे लिहिणाऱ्याला आणि दहाव्या महिन्यात घाबरून सगळे विकणाऱ्याला स्वतःबद्दल जी माहिती मिळते, ती चालू भावांच्या सरावातून मिळत नाही. माहिती जुनी असल्यामुळे नियमांचा प्रश्नही उरत नाही.

मात्र मालिका २००९ च्या तळावर थांबवू नये आणि नोव्हेंबर २०१० मध्ये निर्देशांक पुन्हा २१ हजारांवर पोहोचला एवढे दाखवूनही थांबू नये, नाहीतर ‘थांबलो की पैसे परत येतातच’ असा चुकीचा ग्रह होईल. त्याच्याजवळ जपानचे उदाहरण ठेवावे. निक्केई निर्देशांकाने डिसेंबर १९८९ अखेर गाठलेली पातळी पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले. आणि एकेका कंपनीचे उदाहरण म्हणून ‘सत्यम’ ठेवावी, जिचा शेअर ७ जानेवारी २००९ रोजी हिशेबातील घोटाळा कबूल झाल्यावर एका दिवसात तीन चतुर्थांशाहून अधिक कोसळला.

ऑर्डरचा फॉर्म भरण्याचा सराव मात्र हुबेहूब द्यावा. खऱ्या ब्रोकरच्या स्क्रीनवर नवशिका अडखळतो तो भावाच्या अंदाजाने नव्हे, तर ‘इंट्राडे’ आणि ‘डिलिव्हरी’ या दोन छोट्या बटनांमुळे. इंट्राडे निवडून घेतलेला शेअर त्याने स्वतः विकला नाही, तर बाजार साडेतीनला बंद होण्यापूर्वी ब्रोकर आपणहून विकून टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी शेअर खात्यात का दिसत नाहीत हे त्याला कळत नाही. सरावाच्या फॉर्ममध्ये कोणतेही बटन आधीपासून निवडलेले नसावे. ‘मार्केट’ ऑर्डर, म्हणजे स्वतः भाव न ठरवता ऑर्डर, दिली तर अपेक्षेपेक्षा वेगळ्या भावाने सौदा होऊ शकतो, हेही कमी उलाढालीच्या शेअरचे बनावट खरेदी-विक्री दर मांडून दाखवावे. २७ जानेवारी २०२३ पासून सर्व शेअरच्या सौद्यांची पूर्तता (सेटलमेंट) सौद्यानंतरच्या पुढच्याच कामकाजाच्या दिवशी होते. त्यामुळे सरावातही शेअर ‘खात्यात’ दिसण्यापूर्वी एक दिवस जाऊ द्यावा. ही वाट पाहायला लावणे अ‍ॅप बनवणाऱ्यांना फार जड जाते.

प्रश्न : रोज अ‍ॅप उघडणाऱ्याला पदके आणि सलग दिवसांची मोजणी द्यावी का? भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपमध्ये त्याचा चांगला उपयोग होतो. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : देऊ नये. भाषा रोज बोलायची असते, शेअर रोज घ्यायचे नसतात. रोज बाजाराकडे पाहण्याची सवय लागलेला माणूस लवकरच रोज काहीतरी करू लागतो, आणि त्याचे काय होते हे सेबीने मोजलेले आहे. २०२२-२३ मध्ये इंट्राडे व्यवहार करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जणांना तोटा झाला. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे भावी भावांवर आधारलेल्या करारांत, तर २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. फ्युचर्स-ऑप्शन्सवर नवशिक्यांच्या अ‍ॅपमध्ये एकच धडा असावा आणि त्यात हे आकडे असावेत. आठवड्यातून एक आठवण पुरेशी आहे. महिन्यापूर्वीच्या धड्यातील एखादा प्रश्न अचानक पुन्हा विचारणे हे पदकापेक्षा कितीतरी उपयोगी पडते.

प्रश्न : आमच्या अ‍ॅपमधून जितकी डीमॅट खाती उघडली जातील, त्या प्रत्येकामागे ठरावीक रक्कम देण्याची तयारी एका ब्रोकरने दाखवली आहे. सर्व्हरचा खर्च भागवण्यासाठी हा मार्ग आम्हाला सोपा वाटतो. धडे आम्ही प्रामाणिकच ठेवू. आपले मत काय? (एक वाचक, वास्को)

उत्तर : आपल्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही, परंतु धडे शेवटी पैसा जिकडून येतो तिकडे झुकतात. पहिल्या महिन्यात फक्त शेवटच्या धड्याखाली ‘खाते उघडा’ असे बटन येते. मग कोणीतरी दाखवते की खर्चाच्या धड्यानंतर लोक गळतात, म्हणून तो मागे ढकलला जातो. मग ‘सध्या शेअर घेऊ नका’ हे वाक्य जरा सौम्य केले जाते. यातला एकही निर्णय त्या-त्या वेळी अप्रामाणिक वाटत नाही. शिकणाऱ्याने शांतपणे न घेण्याचे ठरवले तर तो आपल्या शिकवण्याचा विजय असतो. या व्यवस्थेत मात्र तो आपला तोटा ठरतो.

शिवाय ब्रोकरसाठी ग्राहक आणणे, मोबदला घेऊन सल्ला देणे आणि शेअरची शिफारस करणे ही नियमांच्या कक्षेत येणारी कामे आहेत. सल्लागारांसाठी २०१३ चे आणि संशोधन विश्लेषकांसाठी २०१४ चे सेबीचे विनियम आहेत आणि त्यांखाली नोंदणी लागते. ‘या आठवड्याचे तीन शेअर’ असा एक निरुपद्रवी कोपरासुद्धा आपल्याला शिक्षणाच्या बाहेर नेऊन ठेवील.

पैशांसाठी मी सरळ शुल्काचा मार्ग सुचवीन. एका अभ्यासक्रमाची एकदाच घेतलेली माफक रक्कम, किंवा पतसंस्था, महाविद्यालये, कर्मचारी संघटना यांनी आपल्या लोकांसाठी एकत्रित घेतलेला परवाना. येथे एक अडचण आहे आणि ती आधीच ओळखावी. सेबीचे ‘सारथी’ हे अ‍ॅप २०२२ पासून मोफत मिळते. तेव्हा निव्वळ व्याख्यांसाठी आपल्याला कोणी पैसे देणार नाही. मराठी, गोव्यातील उदाहरणे, कागदी शेअर आणि अनिवासींच्या अडचणी, सरावाचे फॉर्म यांसाठी कदाचित देतील.

प्रश्न : सत्तरी तालुक्यात आमचा महिलांचा स्वयंसाहाय्य गट आहे. शेअरविषयी शिकण्याची आमची इच्छा आहे, पण काही घरांत एकच मोबाईल असतो आणि पावसाळ्यात नेटवर्क वरचेवर जाते. आमच्यासारख्यांसाठी अ‍ॅपमध्ये काय करता येईल? गटाची बचत शेअरमध्ये गुंतवता येईल का? (एक वाचक, वाळपई)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. गटाची बचत सभासदांना अडीनडीला कर्ज देण्यासाठी असते. ज्या दिवशी कोणाला दवाखान्यासाठी पैसे लागतील, त्याच दिवशी बाजार पडलेला असू शकतो. म्हणून ती रक्कम शेअरमध्ये घालू नये. ज्या सभासदाला स्वतःच्या वेगळ्या बचतीतून गुंतवणूक करायची असेल, तिने स्वतःच्या नावाने डीमॅट खाते उघडावे. सप्टेंबर २०२४ पासून चार लाख रुपयांपर्यंतच्या शेअरसाठी मूलभूत सेवा डीमॅट खात्यावर वार्षिक देखभाल शुल्क नाही, आणि खाते उघडताना याची विचारणा अवश्य करावी.

आता अ‍ॅपविषयी. संपूर्ण धडा नेटवर्क असताना एकदाच उतरवून घेता यावा आणि नंतर नेटवर्कशिवाय चालावा. व्हिडिओऐवजी चित्रे आणि आवाज वापरले तर धडा काही मेगाबाइटमध्ये मावतो. आवाज असला की स्वयंपाक करताना वा काजू सोलताना ऐकताही येतो. एका मोबाईलवर अनेक शिकणाऱ्यांची नावे ठेवता यावीत, प्रत्येकीची प्रगती वेगळी राहावी आणि तिला वाटल्यास चार आकडी कुलूप घालता यावे, कारण कोणत्या धड्यावर कोण अडकले हे घरातल्या इतरांनी पाहण्याचे कारण नाही. शिकवण्यासाठी पॅन, आधार किंवा बँक खाते कशालाही लागत नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर तर अनावश्यक माहिती गोळा करणे म्हणजे विकतची डोकेदुखी आहे.

अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी एक-दोन बारकावे येथेच नोंदवतो. इंग्रजीसाठी आखलेल्या चौकटीत मराठी मजकूर टाकला की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात, म्हणून ओळींमधील अंतर वाढवावे आणि बटनावरील शब्द दोन ओळींत मोडू द्यावा. आकडे लाख-कोटींच्या स्वल्पविरामांनीच लिहावेत. धड्यात मराठी अंक चालतील, मात्र सरावाच्या फॉर्ममध्ये ब्रोकरच्या स्क्रीनवर असतात तसेच इंग्रजी अंक ठेवावेत. तोटा केवळ लाल रंगाने दाखवू नये. काहींना लाल आणि हिरवा यांत फरक कळत नाही, म्हणून शेजारी वजाचे चिन्ह आणि ‘तोटा’ हा शब्दही असावा.

प्रश्न : माझा मुलगा व्हॉट्सअ‍ॅपवरील एका शेअर मार्गदर्शन गटात आहे. त्यांनी सांगितलेल्या अ‍ॅपवर त्याने पैसे भरले. त्यात त्याला मोठा नफा दिसतो आहे आणि सुरुवातीला थोडे पैसे काढताही आले. आता उरलेले काढण्याआधी ‘कर’ भरा, असे ते म्हणतात. तो भरायला निघाला आहे. शिकवणाऱ्या अ‍ॅपने अशा गोष्टींबद्दल आधीच सावध करायला नको का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : ताई, प्रथम हे करा. तो ‘कर’ भरू देऊ नका. आजच्या आज १९३० या सायबर फसवणूक मदत क्रमांकावर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे ज्या खात्यांत गेले ती गोठवण्याची शक्यता वेळेवर अवलंबून असते. गटातील संवाद पुसू नका, त्याचे स्क्रीनशॉट ठेवा. भांडवली लाभावरील कर आपण विवरणपत्रासोबत सरकारला भरतो. स्वतःचे पैसे काढण्यासाठी तो कोणत्याही ब्रोकरच्या खात्यात भरावा लागत नाही.

आपला प्रश्न अ‍ॅप बनवणाऱ्या सर्वांनी मनावर घ्यावा असा आहे. फसवणुकीचा धडा बहुधा शेवटी, ‘सावध राहा’ अशा दोन ओळींत उरकला जातो. मला वाटते, अ‍ॅपमध्येच एक बनावट फसवे अ‍ॅप रचावे आणि शिकणाऱ्याला त्यातून चालवावे. हमीचा परतावा, ‘संस्थांसाठी राखीव’ कोट्यातून मिळणारा आयपीओ (कंपनीची पहिली जाहीर शेअरविक्री), रोज वाढणारा नफ्याचा आकडा, पहिल्यांदा सहज निघालेले दोन हजार रुपये, मग कर, मग ‘खाते मोकळे करण्याचे शुल्क’. प्रत्येक टप्प्यावर विचारावे : ‘इथे थांबाल का?’ आणि तो कुठे थांबला ते शेवटी दाखवावे. सुरुवातीला निघालेली छोटी रक्कम हीच खरी कळ असते, कारण तिच्यामुळे पुढचा संशय मरतो.

त्याच धड्यात एक गोष्ट पक्की बसवावी. आपल्याकडे शेअर आहेत याचा पुरावा कोणत्याही अ‍ॅपची स्क्रीन नसते. तो पुरावा असतो एनएसडीएल किंवा सीडीएसएल या दोन डिपॉझिटरींकडील, म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात सांभाळणाऱ्या संस्थांकडील, नोंद आणि त्यांच्याकडून ईमेलवर येणारे एकत्रित खातेविवरण. तेथे शेअर दिसत नसतील, तर ते नाहीतच. शिकणाऱ्याला हे विवरण कसे मागवायचे आणि वाचायचे हे करून दाखवावे. ब्रोकरचा सेबी नोंदणी क्रमांक आयएनझेड या अक्षरांनी सुरू होतो, सल्लागाराचा आयएनए आणि संशोधन विश्लेषकाचा आयएनएच या अक्षरांनी. पण फसवे लोक दुसऱ्याचा खरा क्रमांकही छापतात, म्हणून सेबीच्या संकेतस्थळावरील यादीत क्रमांकापुढचे नाव, पत्ता आणि फोन जुळवून पाहायला लावावे. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत मध्यस्थांसाठी ‘व्हॅलिड’ हा शब्द असलेले यूपीआय पत्ते सुरू झाले आहेत. पैसे एखाद्या व्यक्तीच्या बचत खात्यात मागितले जात असतील, तर बाकी काही तपासण्याची गरजच उरत नाही.

प्रश्न : आपले अ‍ॅप खरोखर शिकवते की नाही, हे प्रसिद्ध करण्यापूर्वी कसे ओळखावे? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : किती जणांनी धडे पूर्ण केले, यावरून ओळखू नये, लोक ‘पुढे’चे बटन दाबत शेवटपर्यंत जातात. सगळे धडे झालेल्या पाच-सहा जणांना आठवड्यानंतर भेटावे, मोबाईल बाजूला ठेवायला सांगावे आणि नाव-क्रमांक झाकलेली एक खरी कॉन्ट्रॅक्ट नोट छापून हातात द्यावी. सौदा झाल्यावर ब्रोकर चोवीस तासांत ही नोट पाठवतो, आणि बहुतेक गुंतवणूकदार ती कधीच उघडत नाहीत. तीन गोष्टी शोधायला सांगाव्यात : प्रत्यक्ष कोणत्या भावाने सौदा झाला, शुल्के मिळून किती रक्कम गेली, आणि शेअर कोणत्या दिवशी खात्यात येणार. मदत करू नये, शेजारी बसून बोट कुठे थांबते एवढेच पाहावे. तिघांचे बोट एकाच ओळीवर थांबले, तर त्या ओळीचा धडा पुन्हा लिहायला घ्यावा.